अंधुक उजेड साठवताना

माणसाचा डोळा उजेड साठवत नाही. सेकंदाच्या छोट्याशा अंशात जेवढा प्रकाश मिळेल तेवढ्यावर तो चित्र उभे करतो आणि लगेच पुढच्याकडे वळतो. म्हणून दुर्बिणीला तासभर डोळा लावून बसले तरी अंधुक तेजोमेघ अंधुकच राहतो. छायाचित्राच्या काचेचे तसे नसते. तिच्यावर पडलेला प्रत्येक किरण आधीच्या किरणांत जमा होतो, आणि पुरेसा वेळ दिला तर डोळ्याला कधीच न दिसलेली गोष्ट काचेवर उमटते. अडचण अशी की काच आकाशाबरोबर इतरही बरेच काही जमा करते: रात्रीच्या आकाशाची उजळी, यंत्राचे हेलकावे, लेपातले डाग. खोल आकाशाचे छायाचित्रण ज्यांनी घडवले त्यांनी आयुष्यभर ही दोनच कामे केली. उजेड जास्तीत जास्त गोळा करायचा, आणि त्यात आकाशाचे किती व काचेचे किती ते निवडून काढायचे.

सुरुवात तेजस्वी गोष्टींपासून झाली. १८४० मध्ये जॉन विल्यम ड्रेपर यांनी न्यूयॉर्कमध्ये चंद्राचे डॅग्युरोटाइप पद्धतीचे छायाचित्र घेतले. १८५० मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या १५ इंची दुर्बिणीतून बॉन्ड आणि व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याचे चित्र मिळवले. त्यानंतर आलेली कलोडियनची ओली काच जास्त संवेदनशील होती, पण ती ओली असेपर्यंतच कामाची. काचेवर लेप द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, तशीच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. या सगळ्याला हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटे मिळत. सूर्य, चंद्र आणि ठळक तारे यांना तेवढा वेळ पुरत असे. तेजोमेघ मात्र हाती लागत नव्हते.

ही कोंडी दुर्बिणीने फोडली नाही, रसायनाने फोडली. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केली, आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा तयार काचा बाजारात विकत मिळू लागल्या. त्या ओल्या काचांपेक्षा कितीतरी जलद होत्या, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या वाळण्याचा प्रश्नच नव्हता. आता मर्यादा उरली ती यंत्राच्या स्थैर्याची आणि निरीक्षकाच्या चिकाटीची.

जॉन विल्यम यांचे चिरंजीव हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी हडसन नदीकाठच्या आपल्या खासगी वेधशाळेत ११ इंची दुर्बीण मृगातल्या तेजोमेघावर रोखली आणि काच ५१ मिनिटे उघडी ठेवली. तेजोमेघाचे हे पहिले छायाचित्र. तारे त्यावर फुगून लांबट झालेले होते, मेघाचा फक्त सर्वांत उजळ भाग दिसत होता. ड्रेपर यांनी दुर्बीण फिरवणारे घड्याळयंत्र सुधारले आणि मार्च १८८२ मध्ये त्याच मेघाला १३७ मिनिटांचे एक्स्पोजर दिले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की फरक लगेच डोळ्यांत भरतो: दुसऱ्यात मेघाच्या बाहेरच्या कडा दिसतात आणि तारे ठिपक्यांसारखे झालेले आहेत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ड्रेपर वारले. ते तेव्हा ४५ वर्षांचे होते.

धागा लंडनजवळच्या ईलिंगमध्ये उचलला गेला. अँड्र्यू एन्स्ली कॉमन हे व्यवसायाने आरोग्य-अभियंता होते. खगोलाचा छंद त्यांनी स्वतःच्या घराच्या बागेत, ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीवर जोपासला होता. एवढे अवजड यंत्र तासभर ताऱ्यामागे अचूक फिरवणे घड्याळयंत्राला झेपत नाही, हे त्यांना कळून चुकले होते. म्हणून त्यांनी दुर्बीण न हलवता काच हलवण्याची युक्ती काढली. काचेच्या चौकटीला बारीक स्क्रू जोडले, कडेला एक नेत्रिका बसवली, आणि एका ताऱ्यावर नजर ठेवून तो सरकला की चौकट तेवढीच सरकवायची असा क्रम ठेवला. ३० जानेवारी १८८३ रोजी त्यांनी घेतलेल्या मृगातल्या तेजोमेघाच्या चित्रात असे तारे उमटले, जे त्याच दुर्बिणीतून डोळ्याला दिसत नव्हते. पुढच्या वर्षी रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. काच डोळ्याच्या पुढे जाऊ शकते हे त्या दिवसापासून वादाचे राहिले नाही.

१८८५ च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या पॉल आणि प्रॉस्पर हेन्री या भावांना कृत्तिकांतल्या माया ताऱ्याभोवती एक मेघ काचेवर सापडला. तोवर तो कोणी पाहिलेला नव्हता. नंतर रशियातल्या पुल्कोव्हो वेधशाळेच्या ३० इंची दुर्बिणीतून तो डोळ्यांनी दिसला. काचेवरचे चिन्ह खरे की लेपातला दोष, हा प्रश्न त्यामुळे निकडीचा झाला. १८८७ मध्ये पॅरिसला भरलेल्या परिषदेने साऱ्या आकाशाचा छायाचित्रीय नकाशा करायचे ठरवले, तेव्हा त्यावर काढलेला उपाय फार सुंदर होता. नकाशाच्या काचेवर एकच एक्स्पोजर न देता तीन द्यायची आणि प्रत्येक वेळी दुर्बीण किंचित सरकवायची. मग प्रत्येक तारा तीन ठिपक्यांचा इवलासा त्रिकोण होऊन उमटे. धुळीचा कण किंवा लेपातला फोड एकटाच असे, त्याला त्रिकोण नसे. आजचे छायाचित्रकार दोन फ्रेममध्ये दुर्बीण मुद्दाम थोडी हलवतात आणि त्याला डिदरिंग म्हणतात. त्यामागचा विचार या काचांवर शंभर वर्षे आधीच आलेला आहे.

या प्रकल्पाने जगभरच्या वेधशाळांची दमछाक केली, काहींनी काम अर्ध्यावर सोडले. खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचा १७ ते २३ अंशांचा पट्टा शेवटी हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला. मराठवाडा तेव्हा ज्या संस्थानात होता त्याच संस्थानाच्या खर्चाने हे काम कित्येक वर्षे चालले आणि ताऱ्यांच्या सूचीचे खंड छापून निघाले. महाराष्ट्रात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली होती आणि कावसजी दादाभाई नायगमवाला डब्लिनच्या ग्रब कारखान्यातली दुर्बीण तिथे चालवत होते. त्यांचा ओढा मुख्यतः वर्णपटाकडे होता. १८९८ च्या खग्रास ग्रहणात मात्र त्यांनी सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून सूर्यकिरीटाची छायाचित्रे घेतली. १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

ग्रब यांच्याच कारखान्यातली २० इंची आरशाची दुर्बीण लिव्हरपूलजवळ आयझॅक रॉबर्ट्स वापरत होते. रॉबर्ट्स बांधकाम व्यवसायातून निवृत्त झालेले. २९ डिसेंबर १८८८ रोजी त्यांनी देवयानी दीर्घिकेला सुमारे चार तासांचे एक्स्पोजर दिले. दुर्बिणीतून पिढ्यान्‌पिढ्या जो नुसता पांढरट लांबोडा ढग दिसत आला होता, त्यात काचेवर वळसे आणि काळे पट्टे निघाले. ती दुसरी दीर्घिका आहे हे कळायला आणखी ३५ वर्षे जावी लागली. तिची चक्राकार घडण मात्र या काचेवर स्पष्ट होती.

चार तास म्हणजे काय, हे नीट समजायला एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांच्याकडे पाहावे. नॅशव्हिलच्या गरीब घरातला हा मुलगा जेमतेम नऊ वर्षांचा असताना फोटो स्टुडिओत कामाला लागला. त्या काळी चित्र मोठे करायला उन्हाचाच दिवा वापरत. छपरावर एक भलामोठा एन्लार्जर बसवलेला होता आणि तो सूर्याच्या मागे सतत फिरवत ठेवणे हे त्या पोराचे काम. इतर मुलांना डुलकी लागे, बर्नार्डला लागत नसे. पुढे लिक वेधशाळेत ६ इंची पोर्ट्रेट भिंगाने आकाशगंगेची चित्रे घेताना हीच सवय कामी आली. थंडीत, उबेशिवाय, नेत्रिकेतल्या तारेच्या फुलीवर एक तारा धरून तासन्‌तास बसायचे. तारा केसभर सरकला की स्क्रू फिरवून परत फुलीवर आणायचा. एक मिनिट लक्ष उडाले तर आधीच्या सगळ्या तासांवर पाणी.

बर्नार्ड यांच्या काचांवर आकाशगंगेतल्या काळ्या वाटा आणि पोकळ्या प्रथमच नेमकेपणाने दिसल्या. त्या रिकाम्या जागा नाहीत, पुढे आलेले अपारदर्शक ढग आहेत, हे मान्य करायला स्वतः बर्नार्ड यांनाही बरीच वर्षे लागली. त्यांचा आकाशगंगेचा छायाचित्र-संग्रह १९२७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, प्रसिद्ध झाला. छपाईत बारीक छटा मरतात म्हणून त्यात खरे फोटो-प्रिंट चिकटवलेले आहेत, आणि ३५ हजारांवर असलेला प्रत्येक प्रिंट बर्नार्ड यांनी स्वतः तपासून पास केला होता. प्रक्रियेला एक्स्पोजरइतकीच किंमत आहे हे इतक्या जिवापाड क्वचितच कोणी मानले असेल.

हा संग्रह निघण्याच्या बऱ्याच आधी रॉबर्ट्स आणि बर्नार्ड यांच्यात एक वाद झाला, तो फार शिकवणारा आहे. विल्यम हर्शेल यांनी ५२ ठिकाणी विस्तीर्ण, अतिशय फिकट मेघ पाहिल्याचे लिहून ठेवले होते. रॉबर्ट्स यांनी त्या जागांची प्रत्येकी दीड तासाची चित्रे घेतली आणि १९०३ मध्ये जाहीर केले की फक्त चार ठिकाणी मेघ आहे, बाकी काही नाही. बर्नार्ड यांनी हरकत घेतली: आपल्या काचांवर त्यातले काही मेघ स्पष्ट आहेत. दोघेही प्रामाणिक होते. पसरट मेघाच्या बाबतीत दुर्बिणीचा आकार कामी येत नाही. नाभीय अंतर आणि भिंगाचा व्यास यांचे गुणोत्तर कामी येते. आखूड नाभीचे लहान भिंग पसरट उजेड काचेच्या थोड्या जागेत गोळा करते. शिवाय आकाश किती काळे आहे, काच किती वेळ उघडी ठेवली आणि कशी धुतली, हेही त्यात आले. काचेवर काही दिसत नाही म्हणजे आकाशात काही नाही, असे म्हणता येत नाही.

एक्स्पोजर वाढवण्याला आणखी एक अडसर होता आणि तो काचेच्या पोटात होता. व्हिएन्नाला तरुण कार्ल श्वार्ट्सशिल्ड यांनी ताऱ्यांच्या काचा मोजताना पाहिले की निम्म्या तेजाच्या ताऱ्याला दुप्पट वेळ देऊन भागत नाही. त्यांच्या मोजणीनुसार सव्वादोन पट वेळ लागतो. उजेड मंद असला की चांदीच्या कणात पहिली खूण होते आणि दुसरी होण्याआधी ती विरून जाते. म्हणजे रात्र लांबवत गेले की पुढचा प्रत्येक तास आधीच्या तासापेक्षा कमी देतो. यावर काचेलाच अगोदर चेतवण्याचे उपाय निघाले. काच अमोनियाच्या पाण्यात बुडवणे, भट्टीत तासन्‌तास भाजणे, नायट्रोजनमध्ये ठेवणे, आणि शेवटी नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळून त्यात गरम करणे. कोडॅक कंपनीत केनेथ मीस यांनी खगोलासाठी खास मंद उजेडाच्या काचा करून दिल्या; धंद्याच्या दृष्टीने त्यात कंपनीला फारसे काही सुटत नसणार, पण त्या काचांवाचून विसाव्या शतकाचा बराचसा खगोल अडून राहिला असता.

या सगळ्या युक्त्या एकत्र कशा आल्या याचे उत्तम उदाहरण वॉल्टर बाडे यांचे. दुसऱ्या महायुद्धात इतर शास्त्रज्ञ लष्करी कामावर गेले; बाडे जर्मन नागरिक असल्याने माउंट विल्सनवरच राहिले, आणि १०० इंची दुर्बीण त्यांच्या वाट्याला भरपूर आली. शत्रूच्या भीतीने लॉस एंजलिसचे दिवे मंद केलेले होते. देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातले तारे तोवर कोणालाही सुटे दिसले नव्हते. निळ्या रंगाला संवेदनशील काच आकाशाच्या उजळीने लवकर काळवंडते, म्हणून बाडे यांनी तांबड्याला संवेदनशील काच घेतली, ती अमोनियाने चेतवली, हवा अगदी स्थिर असलेल्या रात्री निवडल्या. रात्रीच्या गारव्याने आरसा आकुंचला की फोकस सरकतो. एक्स्पोजर चालू असतानाच मार्गदर्शक ताऱ्याच्या आकारावरून तो फरक ओळखून ते दुरुस्त करत राहिले. १९४३ च्या शरद ऋतूत गाभ्यातले तांबडे तारे एकेक सुटे झाले, आणि दीर्घिकेत ताऱ्यांच्या दोन वेगळ्या पिढ्या असतात हे समजले.

काच धुतल्यावर पुढे काय करता येते हे खऱ्या अर्थाने दाखवले डेव्हिड मालिन यांनी. सूक्ष्मदर्शकाखालचे छायाचित्रण करणारा हा रसायनज्ञ १९७५ मध्ये अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत आला. काळ्या पडलेल्या काचेत दिसते त्याहून बरेच अधिक दडलेले असते हे त्यांच्या लक्षात आले. त्यांची एक पद्धत अशी. मूळ निगेटिव्हच्या पाठीमागून, काचेच्या जाडीइतके अंतर राखून, फिल्मवर पॉझिटिव्ह प्रत काढायची. अंतरामुळे ती धूसर येते; फक्त मोठे उजळ आणि गडद पट्टे उमटतात, बारकावे उमटत नाहीत. ही धूसर प्रत मूळ निगेटिव्हवर अचूक जुळवून ठेवली की मोठे चढउतार एकमेकांना खोडतात आणि बारकावे तेवढे वर राहतात. मृगातल्या तेजोमेघाचा लख्ख गाभा आणि फिकट कडा एकाच प्रिंटमध्ये नीट दिसू लागल्या त्या यामुळे. आजच्या संगणकी प्रणालीत अनशार्प मास्क नावाचे जे बटण असते ते हेच काम आकड्यांनी करते.

दुसरी पद्धत याच्या उलट. अत्यंत फिकट गोष्टींची खूण लेपाच्या वरच्या थरातल्या कणांत असते. पसरट उजेडाने, जास्त कॉन्ट्रास्टच्या फिल्मवर संपर्क-प्रत काढली की तोच थर ठळक होतो. अशा कित्येक काचांच्या प्रती एकावर एक जुळवून छापल्या की दाणेदारपणा मिटतो आणि आकाशाची खूण पक्की होते. या रीतीने लंबवर्तुळी दीर्घिकांभोवतीची फिकट कवचे मिळाली, आणि १९८६ मध्ये आज मालिन १ म्हणून ओळखली जाणारी प्रचंड पण जवळजवळ अदृश्य दीर्घिका सापडली. रंगांसाठी त्यांनी रंगीत फिल्म टाळली, कारण लांब एक्स्पोजरमध्ये तिचे तिन्ही थर सारखे साठवत नाहीत आणि रंग बिघडतात. निळ्या, हिरव्या आणि तांबड्या फिल्टरमधून तीन वेगळ्या काळ्या-पांढऱ्या काचा घेऊन त्या एकत्र छापायच्या, हा त्यांचा शिरस्ता होता आणि तो आजही चालतो.

मात्र तोवर काचेची जागा घेणारा तुकडा तयार झाला होता. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी हा इलेक्ट्रॉनिक तुकडा कल्पिला, आणि १९७६ मध्ये ॲरिझोनातल्या ६१ इंची दुर्बिणीवर त्याने युरेनसची चित्रे घेतली. उत्तम काच शंभरातले दोन-चार फोटॉन टिपते. सीसीडी निम्म्याहून जास्त टिपतो, चांगला असला तर ८०-९० पर्यंत. श्वार्ट्सशिल्ड यांनी मोजलेला तोटाही यात नाही: दुप्पट वेळ दिला की दुप्पट संकेत. या सरळपणामुळे वजाबाकी आणि भागाकार करता येऊ लागला, आणि डार्करूमचे काम अंकगणितात आले.

सीसीडीचे दोषही मोजता येतात. उष्णतेने त्यात आपोआप इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणून तो थंड ठेवायचा आणि झाकण बंद करून तेवढ्याच वेळाचा, तेवढ्याच तापमानाचा डार्क फ्रेम घ्यायचा व वजा करायचा. फिल्टरवरच्या आणि सीसीडीपुढच्या काचेवरच्या धुळीची गोल सावली, कोपऱ्यांतला अंधार आणि पिक्सेल-पिक्सेलमधला फरक यांसाठी संध्याकाळच्या एकसारख्या उजळ आकाशाचा फ्लॅट फ्रेम घ्यायचा व त्याने भागायचे. ही दोन कामे अंगचोरपणाने केली तर पुढची कोणतीही प्रणाली चित्र वाचवू शकत नाही, कारण फिकट मेघ वर आणताना धुळीची सावलीही तितकीच वर येते.

आणि सलग चार तास उघडे ठेवण्याची गरज संपली. पाच मिनिटांच्या पन्नास फ्रेम जुळवून त्यांची सरासरी काढता येते. बेरजेत संकेत फ्रेमच्या संख्येइतका वाढतो, गोंगाट तिच्या वर्गमुळाइतका. चौपट फ्रेम घेतल्या तर चित्र दुप्पट स्वच्छ होते, शंभर घेतल्या तर दहापट. एखाद्या फ्रेमवर उपग्रहाची रेघ किंवा विश्वकिरणाचा ठिपका आला तर बाकीच्या फ्रेम त्याला बहुमताने बाहेर काढतात. एकेक फ्रेम किती लांब असावी याचाही हिशेब आहे: आकाशाच्या उजळीचा गोंगाट कॅमेऱ्याच्या स्वतःच्या वाचन-गोंगाटापेक्षा बराच वर जाईल इतकी. शहरात हे मिनिटाभरात होते. सह्याद्रीतल्या काळ्या आकाशाखाली त्याला काही मिनिटे लागतात, आणि एकाच वायूचा प्रकाश आत सोडणाऱ्या अरुंद फिल्टरला त्याहून बरीच जास्त.

१९९० मध्ये हबल दुर्बिणीचा आरसा चुकीचा घासला गेल्याचे उघड झाले तेव्हा प्रक्रियेची बाजू एकदम पुढे आली. पसरलेला उजेड गणिताने परत मूळ जागी आणण्याची रिचर्डसन आणि ल्यूसी यांची सत्तरच्या दशकातली पद्धत त्यावर मोठ्या प्रमाणात वापरली गेली. तिची मर्यादाही तेव्हाच कळली: फेऱ्या जास्त केल्या की गोंगाटाचेच तारे होतात. दुर्बीण दुरुस्त झाल्यावर १८ ते २८ डिसेंबर १९९५ या काळात ती सप्तर्षीतल्या एका जवळजवळ मोकळ्या जागेवर रोखली गेली. दुर्बिणीचे काम पाहणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या अधिकारातला वेळ त्यासाठी दिला. ३४२ एक्स्पोजर जमा झाली, मधूनमधून दुर्बीण किंचित सरकवून घेतलेली. अँड्र्यू फ्रुख्टर आणि रिचर्ड हुक यांनी त्यासाठी रचलेल्या ड्रिझल पद्धतीने त्या सरकवण्याचा फायदा घेऊन पिक्सेलपेक्षा बारीक तपशील परत मिळवला. चिमुकल्या त्या जागेत सुमारे ३००० दीर्घिका निघाल्या. त्याच वर्षी गरुड तेजोमेघातल्या स्तंभांचे ३२ फ्रेमचे चित्र आले. त्यात गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. डोळ्याला ते तसे दिसणार नाही. तरी ते रंग मनमानी नाहीत, कोणता वायू कुठे आहे ते त्यांवरून वाचता येते.

मोठ्या वेधशाळांची ही रीत थोड्याच वर्षांत हौशी लोकांच्या अंगणात आली. मार्गदर्शक ताऱ्यावर नजर ठेवण्याचे बर्नार्ड यांचे काम छोटा कॅमेरा करू लागला, फ्रेम जुळवणे फुकट मिळणाऱ्या प्रणाली करू लागल्या. वेळ मात्र कोणी वाचवून देऊ शकलेले नाही. झावियेर स्ट्रॉटनर, मार्सेल ड्रेक्सलर आणि यान सँटी या हौशी निरीक्षकांनी २०२२ मध्ये १०६ मिलिमीटरच्या दुर्बिणीतून, ऑक्सिजनच्या अरुंद फिल्टरसह वेगवेगळ्या फिल्टरांनी, देवयानी दीर्घिकेवर एकूण शंभराहून अधिक तासांचे एक्स्पोजर जमवले. दीर्घिकेशेजारी सुमारे दीड अंश लांबीची निळसर कमान उमटली. आकाशाचा हा तुकडा जगात सर्वाधिक छायाचित्रे निघालेल्या तुकड्यांपैकी. त्यात एवढी मोठी गोष्ट कोणाच्या नजरेस कशी पडली नाही, म्हणून पहिली शंका यंत्रातल्या परावर्तनाचीच आली. वेगळ्या ठिकाणांहून, वेगळ्या दुर्बिणी, कॅमेरे आणि फिल्टर वापरून घेतलेल्या फ्रेममध्येही कमान त्याच जागी आली, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञांसोबत तिची नोंद प्रसिद्ध झाली. ती आपल्याच आकाशगंगेतली की देवयानीची, यावर त्यानंतर अभ्यास सुरू झाला.